सिनेमातले विष्णुपंत

फ्रीगंज, उज्जैन
१० नोव्हेंबर २०२४

ती. उषाताईस,
सा. नमस्कार.

कानाचं नवं यंत्रही तू कपाटात टाकलंस, असं तुझ्या सूनबाईने, मधुराने कळवलं. म्हणजे फोन बंद. चला, बरंच झालं. मी फोनवर ओरडून बोलायला लागलो की शेजाऱ्यांना वाटतं घरात भांडण चाललंय. एकट्या माणसाच्या घरात भांडण म्हटल्यावर ते जास्तच कान देतात. आता आपलं पत्रच.

एक बातमी आहे. मला सिनेमात काम मिळालं. मागच्या गल्लीत यशोधन म्हणून एक मुलगा आहे, सिनेमाचं शिकून आलेला. स्वतःचा पहिला सिनेमा करतो आहे. मोठी कंपनी वगैरे पाठीशी नाही, मित्र-मित्र मिळून करून राहिले आहेत. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी फराळाला मी आभार मानले, ते त्याने ऐकले. दुसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "काका, तुम्ही जितकं हळू बोलता ना, तितकं हळू कोणताच ॲक्टर बोलू शकत नाही. मला हेच पाहिजे." बँकेत सगळे साहेब मला "जरा जोर से, भाई" म्हणत आले. माझा आवाज आहे तेवढाच ज्याला पुरला, असा हा पहिला माणूस.

सिनेमा कौटुंबिक आहे. निवृत्त नवरा-बायको आणि त्यांचं घर, एवढंच. नवऱ्याचं नाव विष्णुपंत, ते काम माझं. बायको रमा. ते काम चारुलता म्हणून एक बाई करणार आहेत. शाळेत भूगोल शिकवायच्या. गंभीर वाटतात.

आमच्या चिरंजीवांना, शैलेंद्रला सांगितलेलं नाही. तूही बंगलोरला कळवू नकोस.

तुझा,
प्रभाकर


मिरज
२२ नोव्हेंबर

चि. प्रभाकर,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की मधुरा पाण्याचा पेला घेऊन धावत आली. तू आणि सिनेमा. गणेशोत्सवातल्या नाटकात तुला झाड केलं होतं, तेव्हा राजा अंगावर येतोय असं वाटून तू बाजूला सरकला होतास. राजा तोंडावर आपटला. मी पहिल्या रांगेत होते.

पण खरं सांगू, मला आनंद झाला. सुमन गेल्यापासून तुझ्या पत्रात हवा आणि गुडघा याशिवाय काही नसायचं. या पत्रात गुडघा नाही.

मात्र ते "कौटुंबिक, एवढंच" मला पटलेलं नाही. तू लपवायला लागलास की "एवढंच" म्हणतोस. लहानपणी हात मोडला तेव्हाही "पडलो, एवढंच" म्हणून जेवायला बसला होतास, डाव्या हाताने. गोष्ट काय आहे ती नीट लिही. आणि गंभीर वाटतात म्हणजे काय? बाईंचं वय काय, घरी कोण आहे?

उषाताई


फ्रीगंज, उज्जैन
१५ डिसेंबर

ती. उषाताईस,
सा. नमस्कार.

पकडलंस. तर ऐक.

रमा महिनाभर बहिणीकडे राहून वापस येते. नवरा दार उघडतो. चेहरा तोच, आवाज तोच, सदरासुद्धा तोच. पण तिला वाटतं, हा तो नव्हे. त्याला सगळं आठवतं. लग्नात कोण रुसलं, तिला वांगं का चालत नाही, सगळं. जितकं जास्त आठवतं तितकी ती जास्त घाबरते. ती त्याच्या परीक्षा घेते. तो सगळ्यांत पास होतो. बघणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की बाईचं डोकं फिरलंय की घरात खरंच कोणी दुसरा शिरलाय. सिनेमाचं नाव आहे 'हा नव्हे'. यात भूत नाही, रक्त नाही. तरी वाचताना मी देवघरातला दिवा दोनदा नीट केला.

पहिला आठवडा माझा अगदी वाया गेला. यशोधन म्हणे, "काका, लोकांना तुमची भीती वाटायला पाहिजे." म्हणून मी डोळे बारीक करायचो, आवाज घोगरा काढायचो. त्याने ते मला पडद्यावर दाखवलं. पोट साफ नसलेला माणूस दिसत होतो. नंतर त्याने कोणाला तरी फोन करून "तुम्हारे नाटकवाले अंकल फ्री हैं क्या" विचारल्याचं मी ऐकलं. ताई, फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी मला सकाळी उठून कुठेतरी जायचं होतं, आणि तेही जाणार.

त्या दिवशी चारुलताबाई चहाचा कप घेऊन माझ्याजवळ येऊन बसल्या. तोवर आमचं कामापुरतंच बोलणं होतं.

"तुम्ही घाबरवायची कोशिश करून राहिलात," त्या म्हणाल्या. "ती नका करू."

"मग काय करू?"

"माझी आई शेवटची काही वर्षं मला ओळखत नव्हती. मी समोर गेले की विचारायची, बाई, तुम्ही कोण? मी तिची एकुलती एक मुलगी. लग्न केलं नाही, तिच्याजवळच राहिले. आणि तिला मी कोणी परकी वाटायची."

त्याच पुढे म्हणाल्या, "अशा वेळी राग येत नाही हो. आपण जरा जास्तच नीट वागायला लागतो. हळू बोलतो, हसून बोलतो, तिच्या आवडीचंच करतो. खरे आपणच आहोत हे पटवून द्यायचं असतं ना. पण एकदा आरशात मी माझं ते हसू पाहिलं, आणि मला कळलं आई का घाबरते."

दुपारी चहाचा प्रसंग होता. विष्णुपंत रमासाठी चहा करून आणतात आणि ती पीत नाही, कपाचा वास घेते. मी काही केलं नाही. फक्त तिने तो प्यावा असं मनापासून वाटू दिलं. साखर बरोबर आहे का विचारलं. हसलो. कप तिच्याकडे थोडा सरकवला. यशोधन "कट" म्हणायचं विसरला. कॅमेऱ्यामागची मुलगी नंतर म्हणाली, "अंकल, आप मेरे पास मत आना."

नाटकवाल्या काकांना फोन झाला नाही.

बाईंचं वय तू विचारलंस. मी कसं विचारणार? चौसष्ट-पासष्ट असेल. ऋषिनगरला एकट्या राहतात.

प्रभाकर


मिरज
६ जानेवारी २०२५

चि. प्रभाकर,

आशीर्वाद नंतर. आधी हे काय आहे ते सांग.

तिथल्या आपल्या नात्यातल्या जयूने मधुराच्या मोबाइलवर भलामोठा मजकूर पाठवला आहे. ती पाहुण्यांना घेऊन राम घाटावर पूजेला गेली होती. तिथे तू एका बाईचा हात धरून तिला ओढत होतास, ती "हा माझा नवरा नाही" म्हणून रडत होती, आणि शेवटी पोलिसाने तुला धरलं. जयू म्हणते तू खोटं नावसुद्धा सांगितलंस. ती तिथे थांबली नाही, कारण तुझी ओळख द्यायची तिला लाज वाटली.

मला वाटतं त्या बाईचं डोकं खरंच फिरलेलं आहे. आईचं म्हणून सांगते ते तिचं स्वतःचंच असेल. तू भोळा आहेस. अशा माणसांपासून लांब राहा. शैलेंद्रला कळवू का? मी दोन दिवस जेवले नाही, म्हणजे जेवले, पण चव नव्हती.

उषाताई


फ्रीगंज, उज्जैन
१४ जानेवारी

ती. उषाताईस,
सा. नमस्कार.

जेव पोटभर. तुरुंगातून लिहीत नाहीये.

ते शूटिंग होतं. घाटावर गर्दी खरी हवी म्हणून यशोधनने कॅमेरा नावेत लपवला होता. परवानगी वगैरे काढली होती, पण त्या दिवशी घाटावर ड्यूटीला असलेल्या पोलीस जवानाला कोणी सांगितलंच नाही. प्रसंग असा की रमा विष्णुपंतांबरोबर स्नानाला येते आणि भर घाटावर तिचा धीर सुटतो.

चारुलताबाई एरवी शाळेत हजेरी घेतल्यासारख्या बोलतात. त्या दिवशी पायरीवर अशा उभ्या राहिल्या की मीच दचकलो. आधी ओरडल्याच नाहीत. शेजारून चाललेल्या एका गुजराती बाईंना धरून अगदी हळू म्हणाल्या, "बहनजी, मुझे इनके साथ मत भेजिए. ये मेरे पति नहीं हैं." आणि मग रडू फुटलं.

माझं वाक्य होतं, घाटावरच्या लोकांना कळावं म्हणून हिंदीत, "रमा, चलो घर. धूप हो रही है." ते मी माझ्या आवाजात म्हटलं. झालं. इतकं गोड बोलणारा माणूस नक्की लबाड, हे सगळ्या घाटाला पटलं. गुजराती बाई तांब्या घेऊन आमच्या मधे उभ्या राहिल्या. दोन पंडे संकल्प अर्धाच टाकून उठले. जवान आला.

"नाम?"

मी अजून सिनेमातच होतो. म्हटलं, "विष्णु."

"आधार दिखाओ."

दाखवलं. त्यावर प्रभाकर.

लोकांनी मला मारलं नाही, त्याचं एकच कारण, मी फार म्हातारा दिसलो. यशोधन नावेतून "कट, कट" ओरडत होता. नाववाला त्याला म्हणत होता, "भैया, इस लफड़े में मत पड़ो," आणि वल्ही उलटी मारत होता. चारुलताबाईंना आधारपासून हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडात कोंबला, खांदे हलायला लागले, आणि लोकांना वाटलं बिचारी किती रडते आहे. त्या गुजराती बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत मला शिव्या देत होत्या. गुजरातीत. बऱ्याच समजल्या.

शेवटी यशोधन पोचला, कागद दाखवले, जवान हसला. त्याने सिनेमा कधी येणार विचारलं. गुजराती बाईंचा मात्र शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. जाताना चारुलताबाईंना आपला फोन नंबर देऊन गेल्या.

बाईंचं डोकं फिरलेलं नाही, ताई. इतकं जागेवर असलेलं डोकं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही. घाटावरून आम्ही सगळे पोहे खायला गेलो, तर त्या मला म्हणाल्या, "तुमचं नाव तुम्हाला शोभत नाही. प्रभाकर म्हणजे केवढा उजेड." मी म्हटलं, मी सकाळचा कोवळा. हे मी म्हटलं. मलाच आश्चर्य वाटलं.

जयूला समजावतो.

प्रभाकर


फ्रीगंज, उज्जैन
२४ ऑगस्ट २०२५

ती. उषाताईस,
सा. नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना नुसतं पोस्टकार्डावर उत्तर दिलं, रागावली असशील. वेळ कसा गेला ते समजलं नाही.

सिनेमा पुरा झाला. बाहेरगावच्या दोन महोत्सवांत दाखवला, आणि गेल्या रविवारी सकाळी इथे फ्रीगंजात हॉल घेऊन गावाला दाखवला. शैलेंद्र आणि सूनबाई तेजस्विनी बंगलोरहून आले होते. मी मधे बसलो, दोघं दोन बाजूंना. मध्यंतरापर्यंत शैलेंद्रची खुर्ची माझ्यापासून लांब गेल्यासारखी वाटली. खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या आहेत, म्हणजे तोच पलीकडे कलला असणार.

मोठ्या पडद्यावर स्वतःला पाहणं चांगलं नाही. तो माणूस माझ्यासारखाच चालत होता, माझ्यासारखाच चष्मा पुसत होता, आणि मला त्याचा भरवसा वाटत नव्हता. पण खरा सिनेमा चारुलताबाईंचा आहे. एका जागी त्या रात्रीचं जेवण वाढता वाढता नवऱ्याकडे बघतात. वाढणाऱ्या हाताला सवय आहे, तो थांबत नाही. डोळे मात्र विचारताहेत, हा कोण जेवतोय. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. मला ठाऊक होतं ते कोणाचे डोळे आहेत. त्यांच्या आईचे.

शेवटी ती त्याला घराबाहेर काढते आणि कडी लावते. एकटी खुर्चीवर बसते. मग दार वाजतं. ती विचारते, "कोण?" बाहेरून माझा आवाज येतो, "मी." ती दाराकडे बघत राहते आणि सिनेमा संपतो. लोक गारठले. टाळ्या जरा उशिराने आल्या, पण मग थांबेनात.

दुसऱ्या सकाळी मी चहा करून शैलेंद्रपुढे ठेवला. साखर बरोबर आहे का विचारलं. तो कपाकडे बघत राहिला. "बाबा, प्लीज, इतकं गोड नका बोलू." मग आम्ही तिघं इतके हसलो की तेजस्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. निघताना त्याने मला मिठी मारली. सुमन गेली तेव्हा मारली होती, त्यानंतर आत्ता.

डेअरीवाला आता मला आधी दूध देतो आणि नजर चुकवतो. समोरच्या उपाध्येवहिनी जिन्यात भेटल्या की भिंतीला चिकटतात. माझी इतकी वट कधीच नव्हती.

यशोधनने मधुराकडे सिनेमा पाठवला आहे. बघून कसा वाटला कळव. तुझं मत मला हवं आहे.

बाकी विशेष नाही. चारुलताबाई रोज सकाळी कोठी रोडला फिरायला येतात, मीही जातो. गुडघ्याला बरं असतं. एवढंच.

प्रभाकर


मिरज
७ सप्टेंबर

चि. प्रभाकर,
अनेक आशीर्वाद.

सिनेमा पाहिला. मधुराने टीव्हीवर लावून दिला आणि अर्ध्यातून उठून गेली, तिला झेपेना. मला काहीच ऐकू येत नव्हतं. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती, ती तुमच्या हनुवटीवर यायची म्हणून बंद करायला लावली. म्हणजे मी नुसते चेहरे पाहिले, आणि दोनदा पाहिले.

तुझी भीती वाटली. हे लिहायला विचित्र वाटतं. तुला मी अंघोळ घातलेली आहे. ती बाई तर अशी आहे की ती घाबरली की मी मागे वळून आपलं दार बघत होते.

आता ऐक. लोक "कोण" आणि "मी" ऐकून गारठले असतील. मला ते ऐकू आलं नाही. मला फक्त तिचा चेहरा दिसला. आणि तो घाबरलेल्या बाईचा नव्हता. आधी घाबरलेला आहे, खरं आहे. पण अगदी शेवटी, पडदा काळा व्हायच्या आत, कोणाची तरी वाट पाहणाऱ्या आणि तो आल्यावर बरं वाटलेल्या बाईचा आहे. यशोधनला ते दिसलं असेल तर तो हुशार आहे. दिसलं नसेल तर ते तिच्या अभिनयात नाही, तिच्यात आहे. आवाज तुझा होता ना दाराबाहेर? खराच तू उभा होतास?

मी तिला वेडी म्हटलं होतं. तो शब्द मागे घेते.

तू माझं सिनेमाबद्दलचं मत विचारलंस. तुला ते नको आहे. तुला दुसरंच काही विचारायचं आहे आणि पाच पानं तू डेअरीवाल्यावर घालवलीस. त्या "एवढंच" वरून कळलं. माझं उत्तर, हो. सुमनला वाईट वाटेल असं मनात आणू नकोस. तिने शेवटच्या आजारपणात मला बजावलं होतं, याला एकटा ठेवू नका, हा बोलायचा बंद होईल. झालाच होतास.

पण विचारायचं तर तिला विचार. मला पत्र लिहून काय होणार आहे?

उषाताई


फ्रीगंज, उज्जैन
२१ सप्टेंबर

ती. उषाताईस,
सा. नमस्कार.

दाराबाहेर मीच उभा होतो.

आधी शैलेंद्रला फोन केला. त्याने आधी तिकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "त्यांना चालतंय का?" मी म्हटलं अजून विचारलं नाही. तर म्हणाला, "बाबा, आधी त्यांना विचारायचं असतं. मला काय विचारता?" तुम्ही दोघांनी ठरवून बोलल्यासारखं बोलून राहिलात.

मग ऋषिनगरला गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. बाईंनी पुरं ऐकून घेतलं.

"हे कोणी लिहून दिलं?"

"माझंच आहे."

"तरीच लांबलं." आणि मग उठून खिडकीशी गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा वेगळा होता. म्हणाल्या, "मला तुमची सोबत आवडते. हे मी घाटापासून जाणते. पण नाही म्हणणार आहे."

मी कारण विचारलं नाही. बसून राहिलो. मला तेवढंच येतं.

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "आईचं सुरू झालं तेव्हा ती माझ्या आत्ताच्या वयाहून चार-पाच वर्षांनीच मोठी होती. डॉक्टर म्हणतात, होईलच असं नाही. पण होणार नाही असंही कोणी म्हणत नाही. उद्या मी तुम्हाला विचारलं, तुम्ही कोण, माझ्या घरात काय करताय? रोज विचारलं? मी ते केलंय, प्रभाकरराव. ते कसं असतं मला माहीत आहे. दुसऱ्या कोणावर ते यावं असं मला वाटत नाही."

ताई, याला उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं. तोंडातून आलं ते आलं. म्हटलं, "त्याची तर माझी पुरी तालीम झाली आहे. पहिला आठवडा वाया गेला, पण नंतर बरा जमलो होतो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं चुकलं, अशा गोष्टीवर हसायचं नसतं. मग त्यांना हसू आलं, घाटावर आलं होतं तसं, खांदे हलवणारं. पदर तोंडाला लावला. ते हसू कुठे संपलं आणि रडू कुठे सुरू झालं, या वेळी मलाही कळलं नाही. मी चहा करायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. डबे सापडेनात. मागून आवाज आला, "साखर डावीकडे. आणि मला ती बरोबर आहे का असं विचारलंत तर बाहेर काढीन."

काढलं नाही.

अट एकच आहे. आधी तुला भेटायचं आहे. म्हणाल्या, "तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं कोणीतरी मला एकदा समोर हवं."

तुझा,
प्रभाकर


मिरज
२ ऑक्टोबर

चि. प्रभाकर आणि चि. चारुलता,
दोघांना अनेक आशीर्वाद.

मी दिवाळीच्या आधी येते आहे. मधुरा सोबत आहे, तिकिटं झाली. तिला सिनेमाची धास्ती बसली आहे, तेव्हा प्रभाकर, स्टेशनवर तिच्याशी जरा खेकसून बोल, म्हणजे तिला बरं वाटेल.

चारुलता, मला काही ऐकू येत नाही. तुला विचारायचं ते खुशाल विचार, मी सगळ्याला हो म्हणणार आहे. मग माझी पाळी. मी तुला काहीच विचारणार नाही. प्रभाकरला जिन्यावरून वर यायला सांगणार आहे आणि दार वाजलं की तुझ्या चेहऱ्याकडे बघत बसणार आहे.

उषाताई